मुशीला तिच्याच मापाने मोजा

‘शार्क वाचवा’ म्हणणाऱ्या सर्व संस्थांना, कार्यकर्त्यांना आणि निसर्गमित्रांना,



हे पत्र तुमच्या विरोधात नाही. ज्या प्राण्याचं नाव काढताच लोकांना हॉलिवूडचा सिनेमा आठवतो, त्याच्या बाजूने बोलणं सोपं नव्हतं आणि ते तुम्ही केलंत. जगातल्या शार्क आणि पाकटांच्या एक तृतीयांशाहून अधिक जाती नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्याने सांगितलं. त्यामागचं मुख्य कारण बेसुमार मासेमारी, याबद्दलही दुमत नाही. माझी तक्रार आहे ती त्यापुढच्या पायरीबद्दल. या सगळ्यातून तुम्ही एकच निष्कर्ष काढता आणि किनाऱ्यावरच्या माणसाला सांगता की शार्क खाऊ नका. पालघर, मुंबई, रायगडच्या माणसाच्या ताटात शार्क म्हणून जे येतं, ती बहुतेक वेळा मुशी असते. मालवण-गोव्याकडे तिला मोरी म्हणतात. पाचशेहून अधिक जातींच्या या गोतावळ्यातली ही हातभर लांबीची, उथळ पाण्यातली, लवकर वयात येणारी जात. तिला तुम्ही व्हेल शार्कच्या पंगतीला बसवता, आणि तिथेच तुमचा युक्तिवाद लंगडा पडतो.

पहिली गोष्ट आकड्यांची. १९७० पासून शार्क ७१ टक्क्यांनी घटले, हे वाक्य मराठीत आता इतक्या वेळा छापून आलं आहे की ते कुठल्या शार्कबद्दल आहे हे विचारायचं राहूनच जातं. तो आकडा उघड्या महासागरात हजारो मैल फिरणाऱ्या जातींचा आहे. मुशी तिथली नव्हे. ती किनाऱ्याला धरून राहते, दहा-पंधरा मीटर पाण्यात थव्याने फिरते, खाड्यांच्या तोंडाशी येते, लहान मासे, कोळंबी आणि माकूल खाते. खोल समुद्रात लांबच लांब गळाच्या दोऱ्या टाकणाऱ्या जहाजांनी महासागरी शार्कचं जे केलं, त्याच्याशी मुशीच्या कालवणाचा संबंध जोडायचा तर मधले बरेच दुवे तुम्हाला दाखवावे लागतील. ते कुणी दाखवत नाही. चुकीच्या माशावर लावलेला खरा आकडा हाही अपप्रचारच असतो, हेतू कितीही चांगला असला तरी.

आता मुशीचंच पाहू. शास्त्रीय नाव स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. सपाट, पुढे निमुळतं होत गेलेलं फावड्यासारखं तोंड. जास्तीत जास्त लांबी सुमारे ७४ सेंटिमीटर, पण ६० च्या पुढे गेलेली मुशी क्वचितच दिसते. मादी ३३ ते ३५ सेंटिमीटरची झाली की प्रजननक्षम होते आणि तिथवर पोचायला तिला एक-दोन वर्षं पुरतात. आयुष्य पाच-सहा वर्षांचं. तिचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं असतं, आजवर माहीत असलेल्या शार्कमधलं सर्वांत लहान. अंड्यात पिलाला पुरेल एवढा बलकच नसल्याने आई आपल्या वारेतून, सस्तन प्राण्यांसारखं, त्याला पोसते. पाच-सहा महिन्यांच्या गर्भारपणानंतर एका वेताला सहापासून अठरापर्यंत पिलं होतात, प्रत्येक १२ ते १५ सेंटिमीटरचं. वीण वर्षभर चालू असते. शार्कच्या जगात हा वेग विलक्षणच म्हणायला हवा. ‘शार्क फार उशिरा वयात येतो, म्हणून त्याची मासेमारी टिकाऊ असूच शकत नाही’ हा तुमचा सर्वांत जोरकस मुद्दा आहे. बहुतेक मोठ्या शार्कच्या बाबतीत तो बिनतोड आहे. मुशीच्या बाबतीत तो लागू होत नाही.

आणि इथेच खरी गोम आहे. लांबी सारखी असली म्हणून वय सारखं नसतं. ४५ सेंटिमीटरची मुशी म्हणजे एखादं-दुसरं वेत झालेली पुरती वाढलेली मादी. ४५ सेंटिमीटरची कानमुशी, म्हणजे हातोडीसारख्या डोक्याचा शार्क, हे नुकतं जन्मलेलं पिलू. त्याची आई दोन मीटरच्या पुढे जाऊन, वयाची दहा वर्षं उलटल्यावर विणीला आलेली असते. ती जात संकटातल्या जातींच्या जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. आपल्याकडे सापडणाऱ्या दुसऱ्या एका लहानशा शार्कचं, इंग्रजीत ज्याला मिल्क शार्क म्हणतात त्याचं, तसंच: दिसायला मुशीची बहीण, पण वयात येतो ७०-८० सेंटिमीटरला. म्हणजे हातभर असतो तेव्हा तो अजून पोरच असतो. ही सगळी एकाच टोपलीत, एकाच भावाने विकली जाऊ शकतात. माझ्या मते किनाऱ्यावरचा खरा प्रश्न हा आहे. ‘शार्क खाऊ नका’ म्हटल्याने हा प्रश्न सुटत नाही, उलट झाकला जातो. ज्याला शार्क खायचाच नाही त्याला फरक शिकायची गरज उरत नाही. ज्याला खायचा आहे त्याला तुम्ही फरक शिकवलेलाच नसतो.

हा फरक दिसतो कसा, तेही सांगतो, कारण तुमच्या पत्रकांत ते सापडत नाही. मासा उताणा करा आणि छातीच्या दोन परांच्या मधोमध पाहा. वारेवर वाढलेल्या पिलाला तिथे नाळेची खूण असते. जन्मल्यावर काही आठवडे ती लहानशा चिरेसारखी उघडी राहते, मग बुजत जाते. हातभर लांबीच्या शार्कच्या पोटावर अशी ताजी खूण दिसली, तर ती मुशी असूच शकत नाही, कारण मुशीची नाळ पंधरा सेंटिमीटरच्या आतच सुटलेली असते. ते कुठल्या तरी मोठ्या जातीचं तान्हं पिलू आहे. परांची टोकं काळी असतील तर तोही मुशी नव्हे. मुशीचा पाठीवरचा पहिला पर बराच मागे, पोटाखालच्या परांच्या जवळपास असतो. तो छातीच्या परांच्या लगेच मागे उभा असेल तर मासा दुसरा आहे. मुशी विकत घेताना आणखी एक सोपं माप आपल्या हातातच असतं. दीड वितीपेक्षा लहान मुशी म्हणजे विणीला न आलेली, ती घेऊ नये. तीन वितींच्या पुढचा शार्क मुशी म्हणून विकला जात असेल तर तो मुशी असण्याची शक्यता फारच कमी. हॉटेलात ‘मोरी मसाला’ मागवल्यावर तळहाताएवढी गोल तुकडी पुढ्यात आली तर तिचा मालक मोठा शार्क होता हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, एवढं सगळं सामान्य गिऱ्हाइकाच्या लक्षात राहणार कसं? साधा संदेश हवा, एका ओळीचा. हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण मोहिमा एका ओळीवरच चालतात. पण आपल्याकडचं गिऱ्हाईक बाजारात एवढं अडाणी नसतं. पापलेटचा कल्ला दाबून पाहणारी, बोंबलाचा ताजेपणा त्याच्या लकाकीवरून ओळखणारी, गाबोळी आहे की नाही हे बोटाने चाचपणारी बाई मुशीच्या पोटावरची खूण शिकणार नाही, असं समजायचं कारण नाही. कोळणीला तर ती शिकवायचीही गरज नाही. कानमुशी आणि मुशी तिला अंधारातसुद्धा वेगळ्या कळतात. आजवर कुणी विचारलं नाही आणि सांगून फायदा नव्हता, म्हणून ती सांगत नव्हती. खरी अडचण येते ती डोकं उडवून, खरखरीत कातडी काढून मासा हॉटेलच्या स्वयंपाकघरात जातो तिथे. त्यामुळे तुमची ओळ अशी असू द्या: मुशी घ्या तर डोक्यासकट, अख्खी, दीड वितीच्या वरची घ्या. हीही एकच ओळ आहे.

एक ओळ सरसकट लावली की काय होतं, ते या देशाने एकदा पाहिलं आहे. जुलै २००१ मध्ये केंद्र सरकारने शार्क, पाकट वगैरे सगळ्या कूर्चा-माशांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं. म्हणजे कागदावर मुशी आणि वाघ एका पायरीवर आले. किनाऱ्यावर हलकल्लोळ झाला. ज्या जाळ्यात बोंबील येतो त्याच जाळ्यात मुशी येते, तेव्हा मच्छीमाराने करायचं काय, याला उत्तर नव्हतं. डिसेंबरमध्ये ती यादी मोजक्या दहा जातींवर आणावी लागली. पाच महिन्यांत कायदा माघारी गेला, आणि संवर्धन म्हणजे आपल्या पोटावर पाय, हा समज किनाऱ्यावर राहिला तो राहिलाच. याच्या उलट गुजरातचा व्हेल शार्क घ्या. त्यालाही २००१ मध्येच संरक्षण मिळालं, पण ते टिकलं ते पुढच्या मोहिमेमुळे. एकच जात, एकच किनारा, आणि बाळंतपणासाठी माहेरी येणारी लेक अशी कथाकार मोरारी बापूंनी लोकांना पटवून दिलेली ओळख. पूर्वी त्याची शिकार करणारे मच्छीमार जाळी कापून त्याला सोडू लागले. महाराष्ट्रातही संरक्षित समुद्री जीव सोडवताना फाटलेल्या जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना २०१८ च्या अखेरीस सुरू झाली. या दोन्हीकडे नेमका प्राणी सांगितला, नेमकी कृती सांगितली, आणि नुकसान कुणाच्या माथी मारलं नाही. तुमच्याकडे यशाचा नमुना घरचाच असताना तुम्ही २००१ च्या जुलैकडे का परत जाता, हे मला कळत नाही.

आता मुशीच्या बाजूने बोलताना जे झाकून चालणार नाही ते. जागतिक यादीत मुशीसुद्धा ‘संकटसमीप’ गटात आहे. म्हणजे आज धोक्यात नाही, पण लक्ष दिलं नाही तर जाईल. मी काही ‘हवी तेवढी खा’ म्हणत नाही. भराभर वाढणारा मासाही वयात येण्याआधीच ओरबाडला तर संपतो, आणि मुशीचं नेमकं तेच होतं आहे. वीतभराचीही नसलेली मुशीची पिलं डोलीत, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्यात, सापडतात, कारण डोलीच्या खोळीची आस, म्हणजे भोकं, जवळा आणि करंदी धरण्याइतकी बारीक असते. ट्रॉलच्या जाळ्यातही तीच गत. जूनपासूनची पावसाळी बंदी मुशीला पुरती उपयोगी पडत नाही, कारण तिची वीण त्या दोन महिन्यांपुरती नसते. म्हणून मुशीचं भवितव्य ताटात ठरत नाही, जाळ्याच्या आसेत ठरतं. गिऱ्हाइकाने मुशी नाकारली तर डोल काही उचलली जाणार नाही; ती बोंबलासाठी आणि जवळ्यासाठी लागतच राहील. फक्त त्यात आलेली मेलेली मुशी कालवणाऐवजी फिशमीलच्या कारखान्यात जाईल. माशाचा जीव गेला तो गेलाच, वर कोळणीचे पैसे गेले. हे गणित मला तरी निसर्गाच्या फायद्याचं वाटत नाही.

काहीजण इथे उलटा धोका दाखवतील: मुशी ‘चांगला शार्क’ ठरली की तिची मागणी वाढेल, भाव चढेल आणि मग मुद्दाम मुशीमागे जाळी लागतील. ही भीती निराधार नाही. पण त्यावरचा उपाय मागणी शून्यावर आणणं हा नव्हे, कारण ती शून्यावर येणारच नाही. पापलेट-सुरमई जिथे परवडत नाही तिथे मुशी परवडते. तिला काटे नसतात, मधला कूर्चेचा कणा तेवढा, म्हणून पोरांना आणि म्हाताऱ्यांना ती निर्धास्त देता येते. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशीचं कालवण देणारी घरं किनाऱ्यावर गावोगाव आहेत. हळद-मीठ लावून, कोकम किंवा चिंचेच्या आंबटाने तिचा उग्र वास मारायचा, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप घालून मटणासारखी शिजवायची, ही रीत कुणा पर्यटनवाल्याने आणलेली नाही. शार्कच्या अंगातल्या युरियाचा अमोनिया होतो म्हणून मासा शिळा झाला की वास येतो, हे रसायनशास्त्राने नंतर सांगितलं. मुशी ताजीच घ्यावी हे घरात आधीपासून ठाऊक होतं. असा मासा पोस्टरने सुटत नाही. माप पाळून खायला मात्र लावता येतो.

बाळंतिणीचा विषय निघाला तर पाऱ्याबद्दलही बोललं पाहिजे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्ल्यात गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी टाळायच्या माशांत शार्क आहे. तुम्ही तो सल्ला मुशीला लावता. पारा अंगात साठत जातो तो वयाबरोबर आणि मोठमोठे मासे खाण्याबरोबर. वीस-तीस वर्षं जगणाऱ्या शिकारी शार्कमध्ये तो जितका जमेल तितका पाच वर्षं जगून कोळंबी खाणाऱ्या मुशीत जमायला वावच कमी. तरीही बाळंतिणीच्या ताटाबद्दल तर्कावर विसंबून राहू नये, हे मला मान्य आहे. तेव्हा मुशीचे नमुने किनाऱ्यावरच्या वेगवेगळ्या बंदरांतून, लांबीप्रमाणे तपासले जावेत आणि निकाल मराठीत जाहीर व्हावेत, अशी मागणी तुम्ही करा. मी तुमच्यासोबत सही करेन. अमेरिकेतल्या माशांवरून घाबरवू मात्र नका.

कायद्याच्या बाबतीतही तुमच्याकडून थोडी काटेकोर भाषा हवी. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामात झालेल्या साइट्स, म्हणजे संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराच्या, परिषदेत रेक्विएम शार्कचं सगळं कुटुंब दुसऱ्या परिशिष्टात घेतलं गेलं आणि २५ नोव्हेंबर २०२३ पासून ते लागू झालं. मुशी त्या कुटुंबातली, म्हणून तीही त्यात आली. ती आली ते नातेवाइकांमुळे: १९ जाती खरोखर संकटात होत्या, आणि त्यांचं मांस किंवा पर इतरांच्या नावाखाली खपवलं जाऊ नये म्हणून उरलेल्या ३५ सोबत घेतल्या. दुसऱ्या परिशिष्टाचा अर्थ परदेशी व्यापारावर परवान्याचं नियंत्रण, एवढाच आहे. साताऱ्याच्या बाजारात सुकी मुशी विकणाऱ्या बाईने कोणताही गुन्हा केलेला नाही. तरीही ‘मुशी आता संरक्षित’ असे संदेश फिरतात आणि तुमच्यापैकी फार थोडेजण ते खोडून काढतात. परांसाठीच्या कत्तलीचंही तसंच. पर कापून धड समुद्रात फेकायला आपल्याकडे २०१३ पासून मनाई आहे आणि परांची निर्यात २०१५ मध्ये बंद झाली. तो व्यापार मोठ्या परांवर जगतो. अख्खी उतरवली जाणारी, अख्खी विकली जाणारी आणि डोकं सोडून अख्खी खाल्ली जाणारी मुशी त्या क्रौर्याचं चित्र म्हणून वापरणं प्रामाणिकपणाचं नाही. ‘शार्क नसले तर समुद्र कोलमडेल’ हे वाक्यही मुशीजवळ जपून वापरावं. ती अन्नसाखळीच्या शेंड्यावर नाही. मोठे मासे तिलाच खातात.

तर माझ्या विनंत्या. तुमच्या मराठी पत्रकांतून ‘शार्क’ हे सरसकट नाव काढा आणि जातीचं नाव आणि लांबी लिहा. कानमुशीची पिलं बाजारात येणं थांबावं यासाठी जोर लावा, अगदी जितका लावाल तितका, कारण तिथे वेळ खरोखरच थोडा आहे. हॉटेलवाल्यांकडे जा आणि मोरी कुठल्या शार्कची, हे पाटीवर लिहायला लावा. कोळणीच्या पाटीसमोर कॅमेरा घेऊन उभं राहण्यापेक्षा हे अवघड आहे, कारण हॉटेलवाला उलट बोलतो. महाराष्ट्राने २०२३ मध्ये मासळीच्या ५४ जातींसाठी किमान लांबीचे नियम जाहीर केले, ही मोठी गोष्ट होती. ते कागदावर राहू नयेत आणि त्यांची तपासणी टोपलीपाशी नव्हे तर धक्क्यावर, बोट लागताच व्हावी, यासाठी शासनाच्या मागे लागा. डोलीची आस थोडी मोठी केली तर जवळ्याचं किती नुकसान होईल आणि ते कोण भरून देईल, हा प्रश्न मच्छीमार सोसायट्यांसोबत बसून सोडवा; त्यांना वगळून काढलेलं उत्तर टिकणार नाही. आणि ससून डॉक, भाऊचा धक्का, सातपाटी, हर्णे, मिरकरवाडा, मालवण अशा बंदरांवर उतरणाऱ्या शार्कची जातवार, लांबीवार नोंद ठेवायच्या कामात कोळी बायकांना मानधनावर घ्या. त्यांच्याइतके मासे तुमच्या माझ्यापैकी कुणीच हाताळलेले नाहीत.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा बाहेर पडतील. त्याआधी एका पानाचं, चित्रांसकट मराठी पत्रक काढा: मुशी कशी दिसते, कानमुशीचं पिलू कसं दिसतं, नाळेची खूण कुठे पाहायची, दीड वीत म्हणजे किती. ते मासळी बाजारात लावा, आणि ‘शार्क खाऊ नका’ची पोस्टरं तेवढी उतरवून ठेवा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
किनाऱ्यावरचा एक मासेखाऊ नागरिक